आठशे मीटरच्या आत

माझ्या धाकट्याची शाळा चौतीस मीटरांनी हुकली. दोन मिनिटांनी गाडी हुकलेली माणसं मी पाहिली आहेत, तीन मार्कांनी नापास झालेला एक चुलतभाऊही आमच्यात आहे. पण मीटरांनी हुकलेला माणूस आमच्या खानदानात मीच पहिला. त्यातून मी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नकाशे काढतो. दिवसभर लांबी-रुंदीशीच माझं देणंघेणं. त्यामुळे हा घाव जरा वर्मीच लागला.

कंपनीनं आम्हाला तीन वर्षांसाठी या परक्या देशात पाठवलं तेव्हा थोरली आठ वर्षांची होती आणि धाकटा पाच. थोरलीला आल्या आल्या घराजवळच्या, हिरव्या फाटकाच्या शाळेत जागा मिळाली, कारण तिच्या वर्गातलं कुणीतरी गाव सोडून गेलं होतं. ती सकाळी दप्तर घेऊन जायची, दुपारी परत यायची. "कशी आहे शाळा?" विचारलं की "छान" म्हणायची. सहा महिने हेच. फोनवर माझी आई विचारायची तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगायचो, "थोरलीचं काही बघावंच लागत नाही."

बघावं लागायचं ते धाकट्याचं. घरात हा प्राणी झोपेतसुद्धा बडबडतो. पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. दुकानात, बसमध्ये, बागेत, जे काही म्हणायचं ते ताईच्या कानात, आणि ताई ते इथल्या भाषेत जगाला सांगणार. डॉक्टर विचारायचे, "कुठं दुखतंय बाळ?" हा ताईकडे वळून कुजबुजायचा, ताई खणखणीत आवाजात सांगायची, "याचं पोट दुखतंय. कालपासून. पण जास्त नाही." आम्ही नवराबायको सहा महिने भाषेच्या वर्गाला जाऊनही असं सलग तीन वाक्यं बोलू शकत नव्हतो. त्यामुळे आमचं ठरलेलं होतं, की धाकटा शाळेत जाणार तो ताईच्याच शाळेत. मधल्या सुट्टीत ती असेल, म्हणजे निदान पाणी हवं असलं तर मागता येईल.

सहा आठवड्यांनी नवं सत्र सुरू होणार आणि पत्र आलं. धाकट्याला शाळा मिळाली होती पुलापलीकडची. दोन बस बदलून जायची. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

शिक्षण कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर जे गृहस्थ बसतात ते कधीच चिडत नाहीत. माझा अनुभव असा आहे, की चिडणाऱ्या कारकुनाशी पाच मिनिटं भांडलं की काहीतरी मार्ग निघतो. न चिडणाऱ्या माणसापुढे मात्र हात टेकावे लागतात. त्यांनी फाईल काढली, चष्मा पुसला आणि नियम वाचून दाखवला. बहीणभावांना एकाच शाळेत जागा मिळते. मात्र घराच्या मुख्य दारापासून शाळेच्या फाटकापर्यंतचं अंतर पायी आठशे मीटरच्या आत हवं. तुमचं आठशे चौतीस आहे.

"चौतीस मीटरांचं काय एवढं?" मी म्हणालो.

"चौतीसचं काहीच नाही," ते शांतपणे म्हणाले. "आठशेचं आहे."

ही हकीकत मी कचेरीत सांगितली ती नेमकी अठरावर्षे यांना. हे त्यांचं आडनाव नाही. आमच्याच भाषेचा हा एकुलता एक सहकारी इथं अठरा वर्षं आहे आणि दर चौथ्या वाक्यात तसं सांगतो, म्हणून आम्ही घरात त्यांना अठरावर्षे म्हणतो. माणूस मदतीला तत्पर. इतका, की मदत नको असेल तर त्यांच्यापासून लपावं लागतं.

"इथं असं नसतं हो," ते म्हणाले. "इथं विनंती-बिनंती चालत नाही. इथं कागद लागतो. मी संध्याकाळी येतोच."

आले. चहा घेतला. आमच्या तळमजल्याच्या घरातून पाठीमागे हात बांधून फिरले आणि स्वयंपाकघरात थबकले. तिथं धुलाईयंत्रामागे एक पडदा होता. त्यांनी तो सारला.

"हे दार कुठं जातं?"

"मागच्या गल्लीत. पण आम्ही ते उघडत नाही. यंत्र मध्ये येतं."

"आणि गल्ली कुठं जाते?"

गल्ली पायऱ्या उतरून थेट शाळेच्या रस्त्याला जात होती. अठरावर्षे माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले, की इतके दिवस नकाशे काढून मी नक्की काय केलं हा प्रश्न मलाही पडला.

रविवारी सकाळी मी आणि बायको वीस मीटरची टेप घेऊन निघालो. ती टेपचं एक टोक धरून उभी, मी दुसरं टोक घेऊन पुढे, खडूनं खूण, मग ती पुढे. वहीत नोंद. आता, माणूस रस्त्यावर टेप घेऊन वाकला की तो नगरपालिकेचाच असणार, हा समज जगात सगळीकडे आहे असं दिसतं. एका बाईंनी मला गटार कधी दुरुस्त करणार ते विचारलं. एका आजोबांनी दिव्याच्या खांबाबद्दल तक्रार केली. मी नाही नाही म्हणत होतो, पण माझी इथली भाषा नकार देण्याइतकी पक्की नव्हती. शेवटी सभ्यपणा म्हणून मी तीन तक्रारी वहीत लिहून घेतल्या. खांबवाले आजोबा आजही मला भेटले की खांबाकडे बोट दाखवतात.

अंतर भरलं सातशे एक्याण्णव मीटर. बायको भर चौकात टाळ्या वाजवू लागली.

खिडकी क्रमांक चारनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "मुख्य दार म्हणजे ज्या दाराला घंटा, नावाची पाटी आणि पत्रपेटी असते ते," गृहस्थ म्हणाले. "आणि ज्यातून कुटुंब जातं-येतं. तसं असेल तर अर्ज करा. आम्ही तपासनीस पाठवू. तारखेचं पत्र येईल."

घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "दार कुठलंही वापरा. भिंतीला भोक पाडायचं नाही." त्यामुळे घंटा आम्ही सुतळीनं कडीला बांधली. पाटी बायकोनं पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिली आणि चिकटपट्टीनं लावली. पत्रपेटी मी खिडकीच्या गजांना तारेनं आवळली. ती जराशी डावीकडे कलायची. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात, मुलं त्यांना आजी म्हणतात. त्या गॅलरीतून हे सगळं पाहत होत्या. "कुंड्या ठेव," त्या म्हणाल्या. "कुंड्या असल्या की कुठलंही दार मुख्य वाटतं." आणि स्वतःच्या दोन कुंड्या खाली घेऊन आल्या.

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं. पण अर्जावर सही करताना बायको अडली.

"यात लिहिलंय की आपण याच दारातून जातो-येतो."

"मग?"

"मग आपण जात-येत नाही. खोटं लिहून मुलाला शाळेत घालायचं का? पहिला धडा हाच द्यायचा?"

मी म्हणालो, तपासणीच्या दिवशी येऊ-जाऊ. ती काही बोलली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर न बोलण्याचे प्रकार ओळखता येतात. हा त्यातला सगळ्यात वरचा होता.

म्हणून त्या दिवसापासून आम्ही स्वयंपाकघराच्या दारानं राहू लागलो. त्यासाठी धुलाईयंत्र हलवलं. ते बोळात ठेवलं, तर बोळातल्या कपाटाला जागा उरली नाही. कपाट बाहेरच्या खोलीत नेलं, तर ते एकाच ठिकाणी मावलं: पुढच्या दाराला टेकून. मावलं, असं मी म्हणतोय खरा, पण ते बसवताना माझ्या पाठीत जी उसण भरली ती पुढे महिनाभर होती. बायको म्हणाली, "बरंच झालं. आता पुढचं दार वापरायचा मोहच नको."

स्वयंपाकघरातून घरात शिरणं हा प्रकार सांगून कळणार नाही. कचेरीतून दमून यावं, दार उघडावं आणि पहिलं पाऊल भाजीच्या टोपलीत पडावं. ओली छत्री ठेवायला जागा एकच, भांड्यांच्या रॅकशेजारी. गॅसवर दूध असलं की बाहेरून येणाऱ्यानं आधी आवाज द्यायचा, असा नियम झाला. अठरावर्षे एकदा पाहुणे म्हणून आले आणि आत शिरता शिरता बायकोच्या हातातल्या कढईला धडकले. "इथं असं नसतं हो," एवढंच ते म्हणाले आणि शर्ट पुसत बसले.

मुलं मात्र खूश होती. विशेषतः धाकटा. मागच्या गल्लीत दुपारभर पाच-सहा पोरं चेंडू खेळायची. दार उघडलं की हा पायरीवर जाऊन बसायचा. तोंडाला कुलूप होतंच, पण बसायचा. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

तीन आठवडे झाले तरी तपासणीचं पत्र येईना. मी रोज त्या कललेल्या पेटीत हात घालून बघायचो. एकदा त्यात कोळी निघाला, बाकी काही नाही. सत्र सुरू व्हायला दहा दिवस उरले. चौकशी केली तर खिडकी क्रमांक चार म्हणाली, पत्र गेलं आहे.

तो बुधवार होता. थोरली शाळेत होती. मी पाठीच्या निमित्तानं सुट्टी घेऊन घरी होतो, बायको भांडी घासत होती. तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. तीन आठवड्यांत प्रथमच. आम्ही दोघं कपाटाकडे धावलो.

"शिक्षण कार्यालय!" पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "तपासणी आहे. पत्रात कळवलं होतं."

मी कपाटाला तोंड लावून ओरडलो, "कृपया मागून या!"

"दार उघडा."

"उघडत नाही!"

पलीकडे पावलं दाराजवळ सरकली. मग आवाज बदलला. "तुम्ही आत अडकला आहात का? घाबरू नका. मुलं सुखरूप आहेत? मी कुणाला बोलावू?"

भाषेच्या वर्गात आम्हाला स्टेशन कुठं आहे हे विचारायला शिकवलं होतं, रेल्वेच्या वेळा शिकवल्या होत्या. कपाटामागून एखाद्याला धीर कसा द्यावा हे शिकवलं नव्हतं. शेवटी वरच्या आजींनी गॅलरीतून हाक दिली, "अहो, ते अडकलेले नाहीत! ते असेच राहतात!"

पत्रांचाही उलगडा तेव्हाच झाला. पुढच्या दाराला पत्रं टाकायची फट होती, आणि आमच्या टपालवाल्या बाई इमानेइतबारे तीन आठवडे त्या फटीतून पत्रं आत टाकत होत्या. मागची गल्ली त्यांच्या हद्दीत येतच नव्हती. मी कपाटाखाली झाडूचा दांडा घातला, तर एकोणीस पाकिटं बाहेर आली. तपासणीचं पत्र वरून चौथं होतं.

तपासनीस बाई वळसा घालून मागून आल्या. पन्नाशीच्या, अंगात रेनकोट, हातात एक लांब काठी आणि काठीच्या टोकाला चाक. ते जमिनीवरून ढकललं की मीटर मोजतं. त्यांनी सुतळीची घंटा वाजवून पाहिली. कुंड्यांकडे पाहिलं. आत येताना भाजीची टोपली सफाईनं ओलांडली, यावरून त्यांनी बरंच जग पाहिलेलं असावं. "तुम्ही खरंच इथून जाता-येता?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे," बायको ताठ मानेनं म्हणाली. तिला आता खोटं बोलावं लागत नव्हतं, आणि तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं.

मोजणीला मी आणि धाकटा बरोबर निघालो. त्याला घरी ठेवायचं म्हटलं तर तो चाकावरून नजर काढायला तयार नव्हता. गल्लीच्या तोंडाशी तो बाईंच्या शेजारी गेला, आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

"मी ढकलू?" तो म्हणाला. इथल्या भाषेत. त्या बाईंना.

"ढकल की," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं अंतर माझ्या मुलानं ढकललं आणि तोंड एक क्षण मिटलं नाही. आकडे मोठ्यानं मोजले. या पायरीवर एक पोरगा पडला होता, त्या घरात कुत्रं आहे पण चावत नाही, हा माझा मित्र, हा नाही. गल्लीतली दोन पोरं मागून चालत होती, त्यांच्यावर हा खेकसत होता. पाच आठवड्यांपूर्वी ज्याच्या पोटदुखीलासुद्धा दुभाष्या लागत होता तो हा मुलगा. मला आनंद झाला, फार झाला. आणि त्याच वेळी आठशेच्या आत राहू दे म्हणून मी मनातल्या मनात पावलं मोजत होतो.

पायऱ्यांवर बाईंनी त्याला चाक प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवरूनही फिरवायला लावलं. मी टेप सरळ वरून ताणली होती. मी नकाशे काढतो, मला हे कळायला हवं होतं. पुढे मोठा रस्ता आला. मी आयुष्यभर रस्ते तिरके ओलांडत आलो आहे. समोरचं ठिकाण दिसलं की त्या दिशेनं निघायचं, हीच मला रीत ठाऊक. मोजतानाही मी तसाच गेलो होतो. बाई त्याला घेऊन वळल्या, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपर्यंत गेल्या, दिव्याची वाट पाहिली, ओलांडलं आणि पलीकडून परत आल्या. शाळेच्या हिरव्या फाटकाला चाक टेकलं तेव्हा धाकट्यानं ओरडून आकडा सांगितला. आठशे सात.

बाईंनी तो लिहून घेतला. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाटलं. "पण याची काळजी करू नका. हा कुठल्याही शाळेत गेला तरी चालेल. दोन दिवसांत शाळा चालवायला लागेल."

तेवढ्यात शाळा सुटली. पोरं घोळक्यानं बाहेर आली. थोरली सगळ्यांच्या मागून, एकटी आली. धाकटा धावत सुटला, "ताई, मी मोजलं! सगळं मी मोजलं!" तिनं त्याचा हात धरला.

घरी जाताना मी तिला शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितलं. धाकटा पुलापलीकडे जाईल, पण घाबरायचं कारण नाही, तो आता छान बोलतो, तुला त्याच्यासाठी बोलायची गरज नाही. मला वाटलं, मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय. ती पायऱ्यांपर्यंत त्याचा हात धरून चालत राहिली. तिसऱ्या पायरीवर थांबली आणि रडायला लागली. आवाज न करता. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"मग मी कुणाशी बोलू?" ती म्हणाली.

"म्हणजे? वर्गातल्या मुलींशी."

"मी नाही बोलत. एकदाही नाही बोलले."

"अगं, पण तू तर सगळीकडे बोलतेस. डॉक्टरांशी, दुकानात..."

"ते त्याचं असतं, बाबा. त्याचं सांगायला सोपं असतं. माझं सांगायला नाही येत." मग नाक पुसत म्हणाली, "मी दिवस मोजत होते. तो येणार म्हणून."

मी पायरीवर बसलो. पाठीत कळ आली, पण मी काही त्यामुळे बसलो नव्हतो. इतके महिने ही पोर "छान" म्हणत होती आणि मी ते माझ्या आईला ऐटीत सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली. धाकटा आमच्या दोघांकडे पाहत राहिला. मग तो तिच्या शेजारी बसला आणि तिच्या दप्तराची चेन उघडझाप करू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं खिडकी क्रमांक चारसमोर उभे होतो. गृहस्थांनी तपासणीचा कागद वाचला. "आठशे सात," ते म्हणाले.

"त्यासाठी नाही आलो," मी म्हणालो. आणि मला येत होत्या तेवढ्या शब्दांत सांगितलं. वाक्यं मोडकी होती, क्रियापदं कुठल्या काळातली होती देव जाणे. पण त्या दिवशी बायकोनं एकदाही मला सुधारलं नाही. मी सांगितलं, धाकट्याला बहिणीची गरज आहे असं आम्ही अर्जात लिहिलं होतं. ते चूक आहे. थोरलीला भावाची गरज आहे. ती शाळेत बोलत नाही.

त्यांनी खणातून एक दुसरा, निळा कागद काढला. त्यात एक चौकट मुलानं स्वतः भरायची होती. काउंटर उंच होतं म्हणून त्यांनी बाहेर येऊन तिला स्वतःची खुर्ची दिली. तिनं इथल्या भाषेत, हळूहळू, दोन ओळी लिहिल्या. मी खांद्यावरून वाचल्या. "मधल्या सुट्टीत मी भिंतीपाशी उभी असते. भाऊ आला तर आम्ही दोघं उभे राहू."

गृहस्थांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग वर्गबाईंचं एक पत्र आणायला सांगितलं आणि कागदावर शिक्का मारला.

"या कारणाला अंतराची अट नाही," ते म्हणाले. "पाच आठवडे तुम्ही दार मोजत बसलात. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "आम्ही तिला विचारलंच नव्हतं."

त्यांनी निळा कागद दुमडला, फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.